पाहुणा नसण्याचं सुख

मे महिन्याच्या सुट्टीत कोकणातल्या एखाद्या लहानशा गावात जाऊन राहण्याचं जे वर्णन पर्यटनाच्या जाहिरातींत येतं, त्यातलं फारच थोडं मे महिन्यात तिथे असतं. जाहिरातीतला फोटो ऑगस्टमधला असतो: पोपटी भातखाचरं, ओला कातळ, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. मे महिन्यातलं कोकण तपकिरी आणि घामट असतं. सड्यावर हिरवी काडी उरलेली नसते, पऱ्ह्यांची पात्रं कोरडी पडलेली असतात, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात कित्येक वाड्या याच दिवसांत टँकरची वाट पाहत असतात. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. राहिली शांतता. तीही नसते, कारण गणपती आणि शिमगा सोडले तर मे हाच गावातला सगळ्यांत गजबजलेला महिना. लग्नं, सत्यनारायण, वाडीवाडीच्या क्रिकेट स्पर्धा, रात्री उशिरापर्यंत चालणारे कर्णे, आणि एरवी दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात अंथरुणाला अंथरूण लावून झोपलेली पंधरा-वीस माणसं. तरीही कोकण रेल्वेचं मे महिन्याचं आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं, एसटीला जादा गाड्या सोडाव्या लागतात, आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे व रखडलेलं काम ठाऊक असूनही लोक रात्रभर गाडीत बसतात. निसर्ग आणि निवांतपणा ही या ओढीची कारणं असतील, तर लोकांनी महिना चुकीचा निवडला आहे.

मला वाटतं महिना बरोबर आहे, कारणं चुकीची सांगितली जातात. गावाच्या सुट्टीचं खरं आकर्षण असं आहे की तिथे माणूस पाहुणा नसतो. त्या घरावर, विहिरीवर, मागच्या दारच्या फणसावर त्याचा काहीतरी हक्क असतो, आणि तो पैसे मोजून मिळालेला नसतो. बाकीचं सगळं, म्हणजे आंबे, समुद्र, चांदणं, हे त्या हक्काच्या सावलीत गोड लागतं. मराठी मुलांच्या चार पिढ्या ज्या गाण्यावर वाढल्या, ते गदिमांचं मामाच्या गावाला निघालेल्या आगगाडीचं गाणं या दृष्टीने पुन्हा ऐकण्यासारखं आहे. त्यातला गाव लहान नाही आणि निवांत तर मुळीच नाही. तो मोठा आहे, श्रीमंत पेठांचा आहे. झाडं धावतात ती वाटेत, गाडीच्या खिडकीतून. गावी पोचल्यावर जे मिळणार आहे ते म्हणजे ऐपतदार मामाकडून भारी कपडे आणि सुगरण मामीच्या हातचं रोजचं गोडधोड. हे दृश्याचं गाणं नव्हे, लाड करून घेण्याच्या अधिकाराचं गाणं आहे. मुलांना ते बरोबर कळतं. मोठे झाल्यावर आपण त्यात हिरवळ घालतो.

हा हक्क आकाशातून पडलेला नाही. त्याच्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा, बऱ्यापैकी निर्दय असा आर्थिक इतिहास आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांनी कोकणातून माणसं घेतली, कुटुंबं घेतली नाहीत. 1921च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दोन लाखांहून अधिक लोकांचा जन्म तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातला होता. ते गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. बायको, मुलं, म्हातारे आईबाप गावी. गिरणीचा पगार एका माणसाला पुरेल आणि वर थोडी मनीऑर्डर जाईल इतकाच असे, कारण उरलेला खर्च गाव उचलत होता. बाळंतपण गावात, आजारपण गावात, म्हातारपण गावात. संप झाला तरी माणूस गावीच जाई. 1928चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप टिकला तो काही अंशी यामुळे, आणि 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले तेव्हाही अनेकांनी याच वाटेने तग धरला. गाव हा त्या कामगाराचा विमा होता आणि मे महिन्यातली फेरी हा त्याचा हप्ता.

हप्ता म्हणायचं कारण ती विश्रांती नव्हती. उन्हाळ्यात गिरण्यांतली गैरहजेरी वाढायची आणि मालक बदली कामगारांवर साचे चालवायचे, हे त्या काळच्या कामगारविषयक अहवालांतून सतत येतं. मालकांना तो आळस वाटे. पण गावी गेलेला माणूस बसून राहत नसे. घराचं छप्पर शाकारायचं, गडगे घालायचे, भाजावळ उरकायची, बहिणीचं लग्न लावायचं, भावकीतला वाद पंचांपुढे न्यायचा. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. रस्ते नावापुरते, आणि रेल्वे तर संपूर्ण मार्गावर 1998 साली धावली. म्हणजे बोटी बंद होण्याआधीचे हे शेवटचे आठवडे. या दिवसांत तोंड दाखवलं नाही, तर वर्षभरात दाखवायला जागा नाही. आणि तोंड दाखवण्याला तिथे अर्थ होता. सामाईक जमिनीत ज्याचा पाय पडत नाही त्याचं नाव सातबाऱ्यावर असलं तरी बोलण्यात उरत नाही. शाळांच्या वेळापत्रकाने पुढे या फेरीला मुलांच्या सुट्टीचं रूप दिलं, गिरणीकामगाराच्या जागी बँकेतला कारकून आला, पण सांगाडा तोच राहिला.

आता हा हक्क वर्षभर जिवंत कोण ठेवत होतं, हा प्रश्न येतो, आणि गावाच्या सुट्टीवर लिहिणाऱ्या बहुतेकांनी तो टाळला आहे. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. रत्नागिरीत 1122 आणि सिंधुदुर्गात 1036. या आकड्याचा अभिमान बाळगणारे लोक भेटतात. मुलींना जगू देणारा प्रदेश म्हणून काही अंशी तो असेलही, पण मुख्यतः हा आकडा पुरुष निघून गेल्याचा आहे. मागे राहिल्या त्या बायकांनी घर उभं ठेवलं, देवाला दिवा लावला, शेजाऱ्याच्या सरकत्या बांधावर नजर ठेवली, आणि मे महिन्यात येणाऱ्या पंधरा माणसांसाठी दोन महिने आधीपासून तांदूळ कांडून-निवडून ठेवले. शिवाय मे हा त्यांच्या कामाचा ऐन महिना. मृग तोंडावर आलेला, आगोटीची सगळी बेगमी याच दिवसांत: लाकूडफाटा भरायचा, सुकी मासळी डब्यांत बंद करायची, मिरच्या, कडधान्यं, पापड, फणसपोळी, साटं. नुसतं आमसूल घ्या. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये. ते फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची. गराला मीठ लावून सुटलेल्या रसात ती सालं पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, आणि हे एकदा नव्हे तर रंग काळपट होईपर्यंत चार-पाच दिवस. मधेच वळिवाची सर आली तर सगळं पसरलेलं धावत जाऊन गोळा करायचं, नाहीतर बुरशी. बियांचं तेल निघतं, तेही सोडायचं नाही. पावसात भेगाळलेल्या टाचांना तेच लागतं. हे सगळं चालू असताना, याच हातांनी, शहरातून आलेल्यांचा तीन वेळचा स्वयंपाक. कोकणातली आमसुलं मुंबईला जाताना पिशवीत पडायची ती अशी.

देशावरच्या आजोळाची गोष्ट थोडी वेगळी, पण हिशेब तोच. तिथे सुट्टी ही आईची असते, मुलं निमित्तमात्र. सासरी वर्षभर राबलेली बाई महिनाभर माहेरी येऊन उशिरा उठू शकते, दुपारी झोपू शकते, तिला वाढलेलं ताट मिळतं. हे माहेरपण फार मोलाचं होतं आणि ज्या समाजात लग्न झालेल्या बाईला दुसरी कुठलीच रजा नव्हती तिथे त्याला सुट्टीच्या हक्काचं मोल होतं. पण ते ताट वाढणारी दुसरी बाई होती. मामी. तिचंही माहेर कुठेतरी होतं आणि तिलाही मे महिन्यातच तिथे जायचं असे. नणंद येणार म्हणून तिची फेरी पुढे ढकलली जाई, कधी कधी पावसाळ्यापलीकडे. आजोळाच्या आठवणींवर मराठीत ढीगभर लेखन आहे. मामीच्या बाजूने लिहिलेलं त्यात किती, हे एकदा मोजून पाहावं.

इथे पहिला आणि सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. हक्क म्हणता, पण गावातला हक्क जन्माने वाटलेला होता. कोणाची विहीर, कोणाचा पाणवठा, देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत कोण, हे सगळं ठरलेलं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच कोकणातला, 1927 सालचा. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948ला घटनेचा मसुदा संविधानसभेपुढे मांडताना खेड्याला राज्यरचनेचा पाया मानायला साफ नकार दिला आणि तिथल्या संकुचितपणावर व जातीयतेवर कठोर शब्दांत बोट ठेवलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातलं, तेव्हा ते कोकणाबाहेरून बोलत नव्हते. खोती पद्धत गेली ती 1949च्या कायद्यानंतर. तोवर कुळांना आपल्याच अंगणातल्या झाडावर नि:शंक हात टाकता येत नव्हता. हा आक्षेप खरा आहे, आणि गावाला निरागस म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो गप्प करतो. पण माझ्या म्हणण्याला तो छेद देतो असं मला वाटत नाही. उलट त्याला धार लावतो. गावाचं सुख निसर्गात असतं तर ते सगळ्यांना सारखं मिळालं असतं, कारण चांदणं वाड्या पाहून पडत नाही. ते सारखं मिळालं नाही याचाच अर्थ ते हक्कात होतं. आणि बौद्धवाड्यांतली माणसंही मुंबईहून मे महिन्यात गावी जातात, मोठ्या संख्येने जातात. मुंबईच्या वर्गणीतून तिथे विहारं उभी राहिली आहेत, बुद्धपौर्णिमेला मिरवणूक निघते, ज्या रस्त्याने पूर्वी खाली मान घालून जावं लागे त्याच रस्त्याने. ही माणसं गावाच्या प्रेमाखातर जातात असं म्हणणं भाबडेपणा होईल. गावाने न दिलेला हक्क ती दर वर्षी जाऊन बजावतात. त्या जाण्यात जिव्हाळा नाही असं नाही, पण त्यात ताठ उभं राहणंही आहे, आणि त्या बाबतीत ते जुन्या गिरणीकामगाराच्या फेरीपेक्षा फार वेगळं नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला अधिक अडचणीत टाकतो. सिंधुदुर्ग हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली, भोगवे, गुहागर, आंजर्ले असा किनारा घरगुती निवासांनी भरत गेला. आता मामा नसलेल्या कुटुंबालाही पैसे भरून चार दिवस परसात झोपाळा आणि ताटात घावणे, सोलकढी मिळते. यात वाईट काय? उलट जो स्वयंपाक मामीने फुकट केला त्याचे पैसे आता त्या घरातल्या बाईला मिळतात, तेही कधी कधी थेट तिच्या खात्यात. हा मुद्दा मी मान्य करतो आणि पूर्ण मान्य करतो. कष्टाचं मोल मिळणं हे आजोळाच्या लडिवाळ व्यवस्थेपेक्षा न्याय्य आहे. ज्यांना पर्यटनामुळे गावाचा आत्मा हरवल्याचं दुःख होतं त्यांनी पहाटे पाच वाजता नारळ खवत बसावं. मात्र एक गोष्ट स्पष्ट हवी. तिथे जे विकलं जातं ते चांगलं असलं तरी ते दुसरं काहीतरी आहे. ग्राहकाला तक्रार करता येते, आणि तक्रार करता येणाऱ्या माणसाला कोणी काम सांगत नाही. नातवाला सांगतात.

आणि मुलांच्या बाबतीत सगळी गंमत या काम सांगण्यात होती. आठ वर्षांच्या पोराला हातात काठी देऊन वाळवणापाशी बसवतात. कावळे, कोंबड्या, शेजारची शेळी यांपासून पापड राखायचे. तो उठून खेळायला गेला तर पापड जातात, खरोखर जातात, आणि रात्री बोलणी बसतात. शहरातल्या मुलाच्या आयुष्यात असं काम उरलेलं नाही ज्याच्यावर घरातल्या कोणाचं काही अवलंबून असतं. त्याचा अभ्यास त्याच्याचसाठी, त्याचा पोहण्याचा क्लास त्याच्याचसाठी, त्याच्या उन्हाळी शिबिरात मातीची भांडी करायला शिकवतात ती भांडीही कोणी वापरत नाही. काजूच्या बिया गोळा करून विकल्यावर हातात पडलेल्या नाण्यांना जी किंमत वाटते, ती खाऊच्या पैशांना वाटत नाही. पर्यटनाच्या निवासात हे पुरवता येत नाही, कारण पैसे दिलेल्या पाहुण्याच्या मुलाला कोणी उन्हात राखण बसवणार नाही. आणि हौसेखातर बसवलंच, तर पापड गेल्याबद्दल रागावणार नाही.

हे सगळं स्मरणरंजन आहे, मुलांना आता गावात करमत नाही, त्यांना नेटवर्क हवं असतं, असंही म्हटलं जातं. करमत नाही हे खरं. पण जिथे ती नुसती आणून ठेवली जातात तिथे ती कुठेच रमत नाहीत, महाबळेश्वरलाही नाही. त्यात गावाचा विशेष दोष काढण्याचं कारण दिसत नाही.

या हक्काची परीक्षा 2020च्या उन्हाळ्यात झाली. टाळेबंदीत मुंबईतून निघालेले चाकरमानी सवयीने गावच्या वाटेला लागले, जसे 1896च्या प्लेगनंतर त्यांचे पणजोबा लागले होते, आणि कित्येक ठिकाणी गावाच्या वेशीवर बांबू आडवे घातलेले सापडले. ज्यांना घेतलं त्यांना आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात ठेवलं. गणपतीपर्यंत ते दिवस किती असावेत यावर वाद चालू होते. शहरात त्यावर खूप संताप झाला. आमच्या पैशावर देवळं बांधली आणि आता आम्हालाच अडवतात, असा सूर होता. मला गावाची बाजू पटते. डॉक्टर दहा-पंधरा किलोमीटरवर, घरांत बहुतेक साठी ओलांडलेली माणसं. त्यांनी दार उघडताना विचार करणं स्वाभाविक होतं. आणि त्यात एक गोष्ट पहिल्यांदाच उघडपणे बोलली गेली: गावावर तिथे राहणाऱ्यांचा हक्क येणाऱ्यांच्या हक्काच्या आधी लागतो. वर्गणीने तो विकत मिळत नाही.

ते राहणारे आता कमी होत चालले आहेत. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची जवळपास 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. आजीआजोबा गेले की घराला कुलूप लागतं. कौलारू घराला कुलूप मानवत नाही. वानरं कौलं फोडतात, पाचोळ्याने पन्हळ तुंबते, एका पावसात वासा कुजतो, दुसऱ्यात भिंत खचते. दर वर्षी मेमध्ये कोणीतरी वर चढून कौलं चाळावी लागतात, आणि ते काम जाणणारा माणूस पंचक्रोशीत एखादाच उरला आहे. म्हणून पत्रे येतात, आणि पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही. आंब्याच्या बागा असतील तर राखणीला नेपाळी कुटुंब असतं, घराची चावीही बहुधा त्याच्याकडेच. मग सुट्टीला आलेल्या भावंडांचे पहिले दोन दिवस जळमटं काढण्यात, पंप दुरुस्त करण्यात आणि थकलेलं वीजबिल कोणी भरायचं यावर जातात, आणि तिसऱ्या दिवशी वाटणीचा विषय निघतो. तो मे महिन्यातच निघतो, कारण सगळे एका छपराखाली तेव्हाच असतात.

त्या बोलण्यात बहिणीही असतात, आणि जो हिशेब इतकी वर्षं माहेरपणाच्या मऊ शब्दांत झाकलेला होता तो इथे कागदावर येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. तरी तलाठ्याच्या कचेरीत हक्कसोडपत्रं जातच राहिली. भावाने प्रेमाने विचारायचं, बहिणीने प्रेमाने सही करायची, आणि त्या बदल्यात माहेरचं दार तिला आणि तिच्या मुलांना दर सुट्टीत उघडं राहायचं, असा तो न लिहिलेला करार. म्हणजे गाण्यातल्या मामाच्या औदार्यात भाचरांच्या आईचा हिस्सा मिसळलेला होता. अलीकडे काही बहिणी सही करत नाहीत, आणि मग पुढच्या मेमध्ये त्यांना बोलावणं येत नाही, यावरून घरं तुटल्याच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. माझ्या मते सही न करणंच योग्य. सहीवर टिकलेलं माहेर मायेचं असलं तरी भाड्याचं होतं. सही न करणाऱ्या बहिणीला मात्र मग वासे बदलण्याच्या खर्चात तिचा वाटा घालावा लागेल, घरपट्टीत घालावा लागेल, आणि ती घरात येईल तेव्हा उशिरा उठण्याचा तिचा अधिकार कोणी गृहीत धरणार नाही. त्या घरात मे महिन्यात चूल कोणी पेटवायची हे भावाबहिणींना बसून ठरवावं लागेल. वहिनीचं माहेरही त्याच महिन्यात वाट पाहत असतं.